नवरीपासून तीन पावलं

कोडोलीच्या मंगल कार्यालयाच्या दारात कृष्णात आणि क्रांती एकमेकांवर आदळता आदळता राहिले. तो नवा कॅमेरा डोळ्याला लावून उलटा चालत होता. ती साड्यांची पिशवी घेऊन घाईनं आत निघाली होती.

"मागं डोळं हायत का तुमास्नी?" ती म्हणाली. ओठांत दोन पिना होत्या, तरी शब्द स्पष्ट आले.

"नवा हाय. फुल फ्रेम," तो म्हणाला... जणू त्यातच सगळं उत्तर होतं.

कृष्णात लग्नाचे फोटो काढायचा आणि क्रांती नवरीला साडी नेसवायची. तीन वर्षांत कितीतरी लग्नांत दोघं एकत्र होते, पण बोलणं एकाच शब्दाचं. तो म्हणायचा 'सरका' आणि ती सरकायची. पुढं पुढं तेवढंही बोलावं लागेना. पदर नीट केला की ती नवरीपासून मोजून तीन पावलं बाजूला जायची. त्याच्या फोटोची कड तिथं संपते, हे तिला पाठ झालं होतं.

आज मात्र ती लगेच आत गेली नाही. पिना ओठांतून काढून बोटांत फिरवत राहिली. गारगोटीचं एक स्थळ आलंय, म्हणाली. मुलगा शिक्षक आहे, घरच्यांना पसंत आहे. त्यांनी फोटो मागितलाय, उद्या संध्याकाळपर्यंत पाठवायचाय. आणि तिच्या फोनमध्ये तर सगळे दुसऱ्यांच्या पदरांचेच फोटो.

"तुमच्याकडं असंल की माझा एखादा," ती म्हणाली.

कृष्णात आठवू लागला. हजारो फोटो डोळ्यांसमोरून गेले. एकातही ती नव्हती.

"न्हाय," तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. "अक्षता पडल्यावर काढू."

पण अक्षता पडल्या आणि क्रांतीला नवरीची साडी बदलायला आत बोलावलं. तो पाहुण्यांच्या गराड्यात अडकला. जाताना तिनं लांबूनच हातानं खूण केली... उद्या स्टुडिओत येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगळवार पेठेतल्या स्टुडिओत त्यानं फोटो उघडले. पहिलाच फोटो बघून तो हरखला. हॉलमधल्या अंधुक उजेडातही हवेतल्या अक्षतेचा दाणा न् दाणा मोजता येत होता. नव्या कॅमेऱ्यासाठी वर्षभर थांबला त्याचं सार्थक झालं.

मग त्याची नजर डाव्या कडेला गेली. तिथं क्रांती उभी होती.

दुसऱ्या फोटोतही होती. तिसऱ्यात... चौथ्यात...

त्याच्या लक्षात आलं. जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळं भिंगातून येणाऱ्या चित्राच्या कडा बाहेरच राहायच्या. नव्यात भिंगाला दिसतं तेवढं सगळं उमटतं. दुकानदारानं हे सांगितलं होतं, त्यानं मानही हलवली होती. पण उभं राहायची जागा जुनी, भिंग जुनं, सवयही जुनी. नजर नवरीच्या चेहऱ्यावर, कडांकडं बघतोय कोण?

पण तो पडद्याजवळ सरकला तो दुसऱ्याच गोष्टीनं. सगळा मांडव नवरा-नवरीकडं बघत होता. ती एकटीच कॅमेऱ्याकडं बघत होती. म्हणजे... त्याच्याकडं. एका फोटोत तर ओठांत पिना तशाच धरून हसत होती. आपल्याला कुणी बघत नाही अशी खात्री असली की माणूस हसतं, तसं.

तो उठला. पाणी प्याला. परत येऊन ती असलेले फोटो मोजले. त्रेचाळीस.

"झालं का काम?"

क्रांती दारात होती. पडद्यावर नजर गेली आणि ती जागीच थिजली. एक चप्पल पायात, एक बाहेर.

"मी... बाहेर हुते की," ती पुटपुटली. "तीन पावलं. मोजून."

"ह्या कॅमेऱ्याची कड लांब हाय. सांगायला पायजे हुतं मी."

पासपोर्ट फोटोच्या स्टुलावर ती मटकन बसली. चेहरा लाल झाला, मग उतरला. पुसून टाका, म्हणाली. आधी सगळे पुसा, मग गारगोटीसाठी एक चांगला काढा. तीन वर्षांत जो एक शब्द जास्त बोलला नाही, त्याच्यासाठी घरच्यांना किती दिवस थोपवायचं... हे ती बोलली नाही, पण तिच्या खाली गेलेल्या मानेत ते सगळं होतं.

"ह्यातला एकबी गारगोटीला पाठवता येणार न्हाय," कृष्णात हळूच म्हणाला. "सगळ्यांत माझ्याकडं बघतायसा."

ती उठली, त्याच्या हाताखालचा माउस ओढून घेतला आणि पुसायला म्हणून एकेक फोटो मागं नेऊ लागली. मध्येच थांबली. कपाळाला आठी पडली.

"नवरी मधी का न्हाय?"

"अं?"

"तुमच्या अल्बमात नवरी बरोब्बर मधी असती. हितं उजवीकडं गेलीया. ह्यातबी... आन् ह्यातबी."

कृष्णात वाकून बघू लागला. खरंच होतं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस फोटोंत नवरी उजवीकडं सरकली होती, कारण कॅमेराच डावीकडं कलला होता. क्रांतीच्या बाजूला. त्याला पुन्हा तहान लागली.

"अल्बम लावताना मी कड कापून नवरीला मधी आणतो," तो म्हणाला. "दर लग्नाला. तीन वर्षं झाली. मला वाटायचं... माझा हातच वाकडा हाय."

क्रांती त्याच्या हाताकडं बघत राहिली.

"हात वाकडा न्हाय," ती म्हणाली.

मग तिनं विचारलं, घरात काय सांगू? संध्याकाळी फोटो मागतील.

"सांगा, फोटोच्या जागी फोटोग्राफरच येणार हाय. आईला घेऊन."

ती हसली. तेच, पिनांमागचं हसू. त्यानं टेबलावरचा कॅमेरा उचलून डोळ्याला लावला, आणि सवयीनं ती चटकन बाजूला निघाली. एक पाऊल... दुसरं...

"सरकू नका," तो म्हणाला.