मांडलेला संसार

बसा. तो दिवा जरा इकडे सरकवा, मला आता बारीक टाके दिसत नाहीत. आणि ते झबलं दोन्ही हातांनी उचला, कापड पार विरलंय. हं, असं.

मघाशी तुम्ही विचारलंत, आतल्या खोलीत एवढ्या वस्तू दाटीवाटीने ठेवल्यात आणि एक कोपरा रिकामा का. चिटणीसबाईंना विचारलं असतंत तर त्या म्हणाल्या असत्या, जागा मोकळी दिसावी म्हणून. तेवढ्यावर तुमचं समाधान झालं असतं आणि ते बरंच झालं असतं. पण तुम्ही विचारलंत मला, आणि माझ्या पोटात काही राहत नाही.

मी या इतिहास मंडळात आले ती इतिहासाच्या प्रेमाने वगैरे नाही. टपाल कचेरीतून निवृत्त झाले आणि दिवसभर घरात आईच्या मागे मागे फिरायला लागले. खिडकी लावू का, उशी देऊ का, पाणी हवं का. आईने थोड्याच दिवसांत हात टेकले. "भुंग्या, तू कुठेतरी जा बाई," म्हणाली. लहानपणी मी सारखी भुणभुण करायचे, म्हणून भुंगा. साठी आली तरी नाव सुटलं नाही, आणि सुटावं असं मला कधी वाटलंही नाही. घरात आम्ही दोघीच. मी लग्न केलं नाही, भाऊबहीण नाहीत, वडील मी शाळेत असतानाच गेले. माझं म्हणावं असं एकच माणूस या जगात होतं, आणि ते मला घराबाहेर पिटाळत होतं.

तर मी इथे यायला लागले. अध्यक्ष म्हणजे आपले दातांचे डॉक्टर. आयुष्यभर लोकांचे दात उपटले, आता गावाचा इतिहास उपटतायत. ही इमारत पूर्वी पाणीपुरवठ्याची कचेरी होती, त्यामुळे भिंतींना कायम ओल आणि ओलीचा तो वास. त्यातल्या आतल्या खोलीत डॉक्टरांनी ठरवलं, की पूर्वीच्या घरातली एक खोली जशीच्या तशी उभी करायची. लोक दोरीच्या अलीकडे उभे राहतील आणि बघतील, आपले आजेपणजे कसे राहत होते.

पलंग मिळाला रेल्वेचे रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याच्या घरून. आरसा, वस्तरा आणि साबणाची वाटी एका जुन्या न्हाव्याच्या दुकानातली. बूट एका मास्तरांचे. पायाने झुलवायचा लाकडी पाळणा ज्या घरातून आला, तिथलं मूल वर्षाचंही झालं नव्हतं, असं देणाऱ्या बाईंनी सांगितलं आणि पाळणा देऊन लगबगीने निघून गेल्या. ही माणसं जन्मात एकमेकांना भेटली नव्हती. मेल्यावर आम्ही त्यांना एका खोलीत आणलं, त्यांचा संसार मांडला आणि वर पाटी लावली, 'एका कुटुंबाची खोली'.

"कुठल्या कुटुंबाची?" मी विचारलं.

"कुठल्याही," डॉक्टर म्हणाले. खूश होती स्वारी.

मंडळाचा एकच कडक नियम होता. ज्याची वस्तू, तो हयात नसावा. जिवंत माणूस आज वस्तू देतो आणि चार दिवसांनी, आठवण आली म्हणून परत मागायला येतो. मेलेला मागायला येत नाही. असं आम्ही समजत होतो.

उजेडाने कापडाचा रंग उडतो, म्हणून त्या खोलीची खिडकी कायम बंद. सकाळी कुलूप काढून केर काढायचं काम माझं. आणि रोज सकाळी मांडणी बदललेली असायची. मोडलेली नाही हं, बदललेली. आम्ही आरसा लोकांकडे तोंड करून ठेवला होता. तो खिडकीकडे वळलेला, दाढी करणाऱ्याला उजेड हवा असतो तसा. बूट आम्ही पुढे ओळीत ठेवलेले, ते पलंगाशी. उठल्याबरोबर पाय सरकवता यावेत असे. पाळणा पलंगावरून हात पोचेल इतका जवळ. म्हणजे आम्ही बघणाऱ्यांसाठी मांडायचो आणि कोणीतरी राहण्यासाठी मांडायचं. मला वाटलं, चिटणीसबाईंचा चोखंदळपणा. त्यावरून आमचं वाजलंही. पण किल्ली एकच होती, आणि ती माझ्या पिशवीत.

मग हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. सगळ्या वस्तू रोज थोड्याथोड्या एकाच कोपऱ्याकडे वळत होत्या. पाळण्याचं तोंड तिकडे, आरसा कलून तिकडे, बुटांची टोकंही तिकडे. त्या कोपऱ्यात काहीच नव्हतं. घरातली बाई कुठे बाहेर गेली की बाकीचे कसे दाराकडे डोळे लावून बसतात, तसं वाटायचं मला. मी केर अर्धवट टाकून बाहेर यायचे.

डॉक्टरांनाही काहीतरी जाणवलं असावं. एकदा दोरीपाशी उभं राहून म्हणाले, "काहीतरी कमी आहे. या घरात बाई नाही."

मी घरी येऊन हे आईला हसत हसत सांगितलं. भुताखेतांचं नाही, नुसतं बाईचं. आई म्हणाली, "माझी खुर्ची ने की." तिची ती बुटकी, बिनहातांची, वेताची खुर्ची. मला त्याच खुर्चीत बसून पाजलं होतं तिने, शिवणही तिथेच. आता गुडघ्यांमुळे त्यात बसलं की उठता येत नव्हतं, म्हणून ती माळ्यावर पडून होती.

"नियमात बसत नाही. तू हयात आहेस," मी म्हटलं.

"मग काय, तुमच्या नियमासाठी मरू?"

दोघी पोट धरून हसलो. तिचं ते शेवटचं खळखळून हसणं. डॉक्टरांनी खुर्ची पाहिली आणि नियम बाजूला ठेवला. उद्घाटन तोंडावर आलं होतं आणि खुर्ची त्या कोपऱ्यात अशी शोभली, की जणू तिथूनच नेली होती.

त्यानंतर वस्तू हलायच्या थांबल्या.

आणि आई झोपायला लागली. मंडळ उघडायची वेळ झाली की तिचे डोळे मिटायचे, बंद व्हायच्या वेळी उघडायचे. झोपून उठलेलं माणूस ताजं दिसतं ना? ही उठायची ती दमलेली, डोळ्यांखाली काळं, घसा बसलेला. एकदा मी तिचे केस विंचरत होते तर केसांना वास आला. ओला, गोडसर.

"कसला वास गं हा?"

"दाढीचा साबण," ती सहज म्हणाली. "सांडतात सगळीकडे. कितीदा सांगितलं…"

"कोण सांडतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. एकदम गोंधळली. "कोण ते… मला काय माहीत? स्वप्न पडलं असेल."

दुसऱ्या दिवशी मी मंडळात गेलेच नाही, तिच्या उशाशी बसून राहिले. भर दुपार होती, बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. पांघरुणाखाली आईचा उजवा पाय हलत होता. खाली, वर. खाली, वर. एका लयीत. मी तो हाताने धरला, तरी तळवा माझ्या हाताला रेटत राहिला. इतकी ताकद तिच्यात उरलेली नव्हती हो.

"आई… आई, काय करतेस?"

डोळे मिटलेलेच. ओठ तेवढे हलले. "शू… आत्ता डोळा लागलाय त्याचा."

 तरी मी स्वतःला समजावत होते. वय झालंय, डोकं साथ देत नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं आणि टॉनिक लिहून दिलं. आई मात्र रोज थोडी थोडी कमी होत होती. अन्न जाईना, आणि मला 'भुंग्या' म्हणायच्या आधी ती क्षणभर थांबायला लागली.

मग एक दिवस खोली बघायला आलेल्या एक बाई जाताजाता मला म्हणाल्या, "छान आहे हं कल्पना. त्या आजींना तुम्ही किती पगार देता?"

"कोणत्या आजी?"

"त्या खुर्चीत बसतात त्या. पाळणा हलवत. मी हाक मारली तर बघितलंही नाही. पण मॅडम, एक सांगू? थकल्यात हो. त्यांना जरा घरी जाऊ द्या."

मी तिथून तडक उठले. डॉक्टरांकडे गेले, म्हटलं, खुर्ची परत द्या. कारण सांगितलं नाही. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "न्या. म्हणून तर नियम होता."  बरोबर मात्र आले नाहीत.

खोलीत अंधार होता, पण असा नाही की दिसू नये. खिडकीच्या फळ्यांच्या फटीतून दुपारचं ऊन येत होतं. साबणाचा वास आणि त्याखाली दुधाचा आंबूस वास, तान्ह्या मुलाच्या अंगाला येतो तो. पाळणा नुकताच थांबल्यासारखा, अजून जरासा करकरत होता. मी दोरी ओलांडली. खुर्चीच्या वेताला हात लावला तर तो कोमट होता.

खुर्ची उचलेना. आईला उठवायला काखेत हात घालून जसा जोर लावावा लागतो, तेवढा जोर लावावा लागला. "चल," मी पुटपुटले, "चल आई, घरी चल." आणि ती उचलली गेली. मी दाराकडे वळले, तेव्हा मागून कोणीतरी घसा खाकरला.

"घेऊन चाललात…?"

पुरुषाचा आवाज. रागाचा नाही. दुकानात गिऱ्हाईक विचारतं तितका साधा, जरा अवघडलेला. मी मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर आज इथे बसून हे सांगत नसते.

"हो," मी म्हटलं.

"परत आणाल ना?"

"नाही."

मग पाळणा पुन्हा करकरला, आणि तो म्हणाला, "बरं… मग आम्हीच येऊ."

मी कशी पळाले, खुर्ची कशी नेली, मला आठवत नाही. घरी आले तर आई पलंगावर उठून बसलेली. म्हणाली, "आणलीस? ठेव माझ्या खोलीत." मी तिला त्यात बसवलं. तुम्हाला सांगते, तासाभरात तिच्या चेहऱ्यावर रंग आला. जेवली. परत मागून जेवली. मी स्वयंपाकघरात जाऊन ओक्साबोक्शी रडले, आनंदाने. मला वाटलं, मी जिंकले.

दुसऱ्या दिवशी इथे आले तर खोली सुनी. वस्तू सगळ्या जागच्या जागी, आम्ही मांडल्या होत्या तशा, आरसा लोकांकडे, बूट ओळीत. वास फक्त ओलीचा. तुम्ही तिथे बिनधास्त जा, तिथे आता कोणी नाही.

घरी आईची तब्येत सुधारतच गेली. आज तिच्या वयाच्या बाईला हेवा वाटेल अशी आहे. फक्त तिने मला तिच्या खोलीत झोपू नकोस म्हणून सांगितलं. "ते दमून येतात," म्हणाली. मी बाहेरच्या खोलीत अंथरूण टाकलं. मग तिच्या खोलीतलं कपाट सरकलं, खिडकीशी जागा झाली. मी ताट आत न्यायचे, तर म्हणाली, दाराशी ठेवत जा. एकदा ती माझ्याकडे फार मायेने बघत राहिली. मी वाट बघत होते हो, की आता हाक मारेल.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही कोणाच्या? तुमच्या घरचे वाट बघत असतील."

खुर्ची पुन्हा इथे आणून ठेवावी, असं रोज मनात येतं. पण मग ती पुन्हा झोपेल, पुन्हा विझत जाईल. ती मला ओळखत नाही, पण ती आहे. मी तेवढ्यावर भागवते.

परवा दिवेलागणीला मी घरी एकटीच बाहेरच्या खोलीत बसले होते आणि मला रडू आलं. तोंडावर हात धरला, तरी हुंदका निसटलाच. आतलं बोलणं एकदम थांबलं. मग तो आवाज आला, दबका. वडिलांचा आवाज मला आठवत नाही, पण हा त्यांचा नव्हता, एवढं कळतं.

"बाहेर… कोणीतरी रडतंय का गं?"

आई कान देऊन ऐकत असावी. मीही श्वास धरून ऐकत होते, काय म्हणते ते.

"अहो, कोणी नाही," ती म्हणाली. मला लहानपणी थोपटताना काढायची, त्याच आवाजात. "जुनं घर आहे… होतात असे आवाज. तुम्ही दार लावून घ्या, बाळ घाबरेल."

आणि आतून कडी लागली. ती कडी दाराच्या अगदी वरच्या टोकाला आहे. आई खुर्चीतून उठू शकत नाही.