सोळावी पट्टी

"सिस्टर, लगेच या. आमचा घात झालाय."

संशोधनप्रमुख सरांचा फोन सव्वानऊला आला आणि साडेनऊला सिस्टर प्रयोगशाळेचा जिना चढत होत्या. ऑपरेशन थिएटरमध्ये वीस वर्षं घालवल्यावर रुग्णालयाने त्यांना आतल्या गैरप्रकारांच्या चौकशीच्या खुर्चीवर बसवलं होतं. खुर्ची बदलली, हाक तीच राहिली.

टेबलावर पंधरा पारदर्शक पाकिटं मांडलेली. कालपर्यंत त्यांत हायड्रोजेलच्या पट्ट्या होत्या. तळहाताएवढ्या, लवचीक, जखमेवर दाबली की भळभळणारं रक्त थांबवणाऱ्या. आज पाकिटांत नुसतं चिकट पाणी डुचमळत होतं.

"तीन वाजता पहिल्यांदाच माणसाला लावणार होतो," सर म्हणाले. "मांडीची शस्त्रक्रिया आहे त्याची. चार वर्षं खपलोय आम्ही. आणि या बाईने सगळ्यावर पाणी फिरवलं!"

कोपऱ्यातल्या स्टुलावर साफसफाईच्या मावशी बसल्या होत्या. हातातला कोरडा फडका त्या पिळत होत्या.

"संध्याकाळी सहानंतर किल्ली फक्त हिच्याकडे," सर म्हणाले. "फरशीचं मशीन लावायला फ्रिजचा प्लग काढला असणार. एक वाजता पोलिसांना बोलावतोय मी."

"मी त्या प्लगला बोटसुद्धा लावत नाही हो सिस्टर," मावशींचा आवाज चिरकला. "सतरा वर्षं झाली इथे. लेकीच्या सासरी कळलं तर तोंड कुठे लपवू?"

सिस्टरांनी फ्रिज उघडला. बर्फाच्या कप्प्यात भुसभुशीत हिमाचा थर होता तस्साच. रात्रभर फ्रिज बंद असता तर त्याचं तळं झालं असतं. आणि दुसरी गोष्ट, अंगाच्या उबेत टिकायची ती पट्टी खोलीच्या उबेने विरघळेल कशी?

"मग काहीतरी टोचलं असेल आत," सर म्हणाले.

सिस्टरांनी एकेक पाकीट दोन्ही हातांनी दाबलं. थेंबसुद्धा गळला नाही.

मग त्या धाकटीकडे वळल्या. संशोधकांत सगळ्यांत लहान म्हणून धाकटी, पण जेलची कृती तिचीच. डोळे सुजलेले होते.

"शेवटचं कधी पाहिलंस?"

"पाच वाजता. छान घट्ट होत्या. मग मी ताईकडे गेले. तिथे सगळे होते, विचारा हवं तर."

"मी कुठे अजून विचारलंय?"

धाकटी टेबलावरची पाकिटं उगाच सरळ करू लागली.

"बरं, ही पट्टी जखमेवरून काढताना काय होतं?"

धाकटीने सरांकडे पाहिलं. उत्तर सरांनीच दिलं. "सिस्टर, रक्त थांबतं, ते महत्त्वाचं. काढायचं पुढच्या टप्प्यात बघू."

तेवढ्यात दार ढकलून तंत्रज्ञ दादा आत आले. हातात स्टीलचा डबा, कपाळावर आठ्या.

"आज माझं नशीबच फुटकं! कत्तलखान्यातून चाचणीसाठी रक्त आणलं, आणि वाटेत बघतो तर डब्यात गोळा!"

"हलवलं नसशील," सर खेकसले.

"अकरा वर्षं हलवतोय सर, एका रात्रीत विसरेन होय? निघताना इथल्या बाटलीतलं सायट्रेटही डब्यात मोजून टाकलं होतं."

"सायट्रेट कशाला?" सिस्टरांनी विचारलं.

"रक्त गोठू नये म्हणून. एरवी दोन-दोन दिवस पातळ राहतं."

सिस्टरांनी डब्याचं झाकण उचलून आत पाहिलं. जे पातळ राहायचं ते घट्ट, आणि जे घट्ट राहायचं ते पातळ.

"दादा, पाकिटात घालण्याआधी पट्ट्यांचं काय करता?"

"सलाईनमध्ये दहा मिनिटं धुतो. काल चारला मीच धुतल्या. पंधरा."

"बनवल्या किती?"

"सोळा. प्रत्येक खेपेतली एक साक्षीची म्हणून ठेवतो, पुढे घोटाळा झालाच तर पडताळायला. नियमाने ती पण त्याच ट्रेमध्ये धुवायची. पण काल धाकटी म्हणाली, दादा तुम्ही दमलात, साक्षीची मी धुते. गुणी पोर आहे."

"ती कुठाय?"

दादांनी खालचा खण ओढला. सोळावी पट्टी घट्ट होती. नुकतीच केल्यासारखी.

सिस्टरांनी कात्री मागितली.

"नको!" धाकटी ओरडली. "एकच उरलीय हो ती!"

कात्री मधोमध चालली. सिस्टरांनी एक तुकडा सलाईनच्या बाटलीतलं द्रावण घालून पेल्यात ठेवला, दुसरा सायट्रेटच्या बाटलीतलं. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आता कुणीही बाहेर जायचं नाही. मावशी, तुम्हीसुद्धा बसा. पण स्टुलावर नको, खुर्चीवर."

साडेबाराला सगळे पेल्यांभोवती जमले. सर सारखे घड्याळाकडे पाहत होते.

सिस्टरांनी चिमटा घेतला. सायट्रेटच्या पेल्यातला तुकडा अख्खाच्या अख्खा वर आला. सलाईनच्या पेल्यातला चिमट्यातून निसटला, शेंबडासारखा.

"उलटं कसं?" दादा पुटपुटले.

"बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बरोबर आहेत, आतला माल बदललाय. या जेलला बांधून ठेवतं कॅल्शियम. रक्त गोठायलाही तेच लागतं. सायट्रेट ते कॅल्शियम पळवतं. काल चारच्या आधी कुणीतरी सलाईनच्या बाटलीत सायट्रेट भरलं, आणि सायट्रेटची बाटली रिकामी दिसू नये म्हणून तिच्यात सलाईन. दादांनी विश्वासाने पट्ट्या धुतल्या. सायट्रेट आत मुरलं. पाचला त्या घट्टच होत्या, मग सीलबंद पाकिटात रात्रभर आतल्या आत विरघळत गेल्या. म्हणून किल्ली कुणाकडे होती याला काडीचा अर्थ नाही. सकाळी दादांनी रक्तात जे टाकलं ते होतं नुसतं मिठाचं पाणी. रक्त गोठणारच."

"पण कुणी?" सर ओरडले.

"जिला ट्रेमध्ये काय आहे हे धुण्याआधीच माहीत होतं. म्हणून तिने एक पट्टी त्या ट्रेमध्ये जाऊ दिली नाही. नुसता घात करणाऱ्याने सोळाही बुडवल्या असत्या. स्वतःच्या हातांनी घडवलेलं सगळंच्या सगळं मारवत नाही." सिस्टर वळल्या. "हो ना गं?"

धाकटीने मान डोलावली.

"मेंढ्यांवर लावल्या होत्या," ती हळू म्हणाली. "रक्त थांबतं. पण काढताना पट्टी खपलीसकट निघते, जखम पुन्हा उघडते. सहापैकी चार वेळा. मांडीची मोठी शीर असेल तर तो माणूस टेबलावरच जाईल. सरांना तीनदा सांगितलं. माणसांवरच्या चाचण्यांना परवानगी देणाऱ्या समितीला दोन अर्ज केले. पण ते सरांच्याच सहीने पुढे जातात."

सरांनी अर्जांचा विषय बाजूला सारला. म्हणाले, "सिस्टर, दुसरी खेप संध्याकाळपर्यंत होईल. शस्त्रक्रिया उद्यावर ढकलू."

"उद्या नाही आणि परवाही नाही. थिएटरला मी आत्ताच कळवतेय. त्या माणसाला नेहमीच्या पद्धतीने टाके पडतील. माझ्या अहवालात हिने बदललेल्या बाटल्या जातील, आणि तुम्ही दाबून ठेवलेले अर्जही. दोन्ही एकाच पानावर."

सर खुर्चीत बसले ते उठले नाहीत.

धाकटी मावशींसमोर जाऊन उभी राहिली. "मावशी, मला वाटलं नव्हतं तुमच्यावर येईल. फ्रिज बिघडला म्हणतील, असं वाटलं."

"आणि सकाळी माझ्यावर आलं तेव्हा?"

"तेव्हा... तीन वाजेपर्यंत गप्प राहायचं ठरवलं. तीन टळले की सांगणार होते."

"पोलीस एकला येणार होते, पोरी."

मावशी उठल्या. गालावर मारायला उचलावा तसा त्यांचा हात उठला, आणि तिच्या खांद्यावर जाऊन थांबला.

"त्या माणसाला वाचवलंस, ते चांगलं केलंस," त्या म्हणाल्या. "पण त्याच्यासाठी मला विकलंस. अहवालात तेही लिहा, सिस्टर."

सिस्टरांनी पेनाचं टोपण काढलं, आणि लिहिलं.