उलट्या पिळाचा दोर

हवामान खात्याच्या माणसाला कायमानाल डोंगराच्या माथ्यापर्यंत वाट दाखवायची, असं आमच्या मोहिमेचं नाव होतं. माझं काम वेगळं होतं. त्याच्यावर नजर ठेवायची.

फिदेन्सियो त्याचं नाव. पिवळा रेनकोट, पाठीवर पेटी, गळ्यात वायरलेस. त्या सकाळी आमच्या हिनागवान गावच्या कप्तानाच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या, अंगणात उभा राहून तो सगळ्यांना सांगत होता की समुद्रावरचं वादळ आज अंधार पडायच्या आत बेटावर चढणार. धोक्याच्या इशाऱ्याचा दोन नंबर लागलाय, दुपारी तीन नंबर लागेल, पुढे किती ते वादळच ठरवेल.

"आणि डोंगरावरचं पाऊस मोजायचं यंत्र गप्प झालंय," तो म्हणाला. "रडारवर दिसतंय, वर मुसळधार चाललाय. यंत्र म्हणतंय थेंब नाही. ते खरं बोललं नाही, तर नदी कधी उठेल ते आम्हाला कळणार नाही, आणि तुमचा भोंगा वाजणार नाही. तेव्हा भोंग्याची वाट बघू नका. आत्ताच टेकडीवरच्या शाळेत जा."

कोणी हललं नाही. "भोंगा वाजू दे, मग बघू," मागून कोणीतरी बोललं. मीही मान हलवली.

का नाही हलवणार? मागच्या वादळाला भोंगा वाजला आणि आम्ही शहाण्यासारखे शाळेत जाऊन बसलो. डोंगरावर अबाका सोलणारी आमची माणसंसुद्धा हातातलं टाकून खाली आली. अबाका दिसायला केळीसारखा, पण केळी देत नाही, वाख देतो. त्या वाखाचे दोर जहाजांवर जातात आणि त्यावर आमचं गाव जेवतं. तर ते वादळ उत्तरेला वळलं, पानसुद्धा पडलं नाही. आम्ही परत वर गेलो तर झोपडीतला वाख गायब. वादळानं नेला म्हणावं, तर वादळ गासड्या बांधून नेत नाही.

तेव्हापासून माझा ना कप्तानावर विश्वास, ना वाख विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यावर, ना ज्यांच्या सांगण्यावरून भोंगा वाजतो त्यांच्यावर. आणि आता हा पिवळा कोट म्हणतोय, मला डोंगरावर न्या. माझा मुलगा निदो कालच वर गेला होता, आमच्या घळीत. सहा महिन्यांचा वाख तिथं झोपडीत होता. म्हटलं, नेते तुला. मीच नेते.

सोबत माझा दीर देमेत्रियो. त्यानं झुंजीचा कोंबडा पिशवीत घालून काखेला लावला होता. "बायको राहील शाळेत, मानाय. तिला पोहता येतं. याला येत नाही," असं त्याचं म्हणणं. मला सगळे मानाय म्हणतात, म्हणजे थोरली ताई.

मी माझा दोर घेतला, कोयता घेतला. फिदेन्सियोनं दोर हातात धरून निरखला, अंगठ्यानं पीळ चाचपला.

"हा कुणी वळला, मानाय?"

"मी. का? विकत पाहिजे?"

"नाही. छान आहे," तो म्हणाला, तरी दोर लगेच परत दिला नाही. एवढ्याशा कौतुकाला माणूस इतका वेळ घेतो का? मी मनात गाठ मारली.

जंगलात शिरलो तेव्हा वारा नव्हता. पाऊस मात्र सरळ, जाड, अंगावर ओतल्यासारखा. जळवा पोटऱ्यांना चिकटत होत्या, पायवाटेचा ओहोळ झाला होता, आणि फर्नच्या झाडांखाली इतकी ओल होती की श्वास घेतला तरी पाणी प्यायल्यासारखं वाटावं. फिदेन्सियो घसरत होता, पण तक्रार करत नव्हता. विचारत मात्र होता.

"हा उतार कुणाचा?"

"माझा."

"आणि तो पलीकडचा?"

"तोही माझाच."

"त्या पलीकडचा?"

"तू तलाठी आहेस का रे?"

देमेत्रियो खो खो हसला. हवामानवाला हसला नाही. थोडं मागे राहून वायरलेसवर हळू आवाजात काहीतरी बोलला. मी कान दिला तर पावसानं सगळं खाल्लं.

नदी ओलांडायची जागा आली. एरवी गुडघाभर असतं, आज मांड्यांच्या वर. दोर झाडाला बांधला, टोक घेऊन मी आधी गेले, मग देमेत्रियो कोंबडा डोक्यावर धरून. शेवटी झाडाचा दोर सोडून, टोक धरून फिदेन्सियो मध्यावर आला आणि त्याचा पाय गेला. एका हातात दोर, दुसऱ्या हातात ती पेटी. तोंड पाण्याखाली, पेटी वर!

"पेटी सोड!" मी ओरडले.

सोडली नाही. आम्ही दोघांनी दोर खेचून त्याला काठावर काढला. खोकून खोकून तो निळा पडला. तो ओणवा आहे तोवर मी पेटी उघडली. एवढा जीव टाकतोय म्हणजे आत काहीतरी असणार. आत बॅटरी होती, नट आवळायचे दोन पाने, एक पेचकस, आणि केळीच्या पानात बांधलेला भात न् सुकी मासळी.

"भूक लागली का, मानाय?" त्यानं मागून विचारलं.

"मासळी भिजली का बघत होते," मी म्हटलं. देमेत्रियो कोंबड्याशी काहीतरी बोलायला लागला. तो अशा वेळी नेहमी कोंबड्याशी बोलतो.

माथ्याजवळ वारा भेटला. झाडं एका बाजूला झोपायला लागली होती. ओणवे होऊन, गवत धरून आम्ही वर चढलो. माथ्यावर एक लोखंडी खांब, खांबाला एक पत्र्याची पेटी, वर पाऊस झेलायचं भांडं. आणि भांड्याच्या तोंडावर खताचं पोतं दोरानं ताणून बांधलेलं.

मोडलं नव्हतं ते यंत्र. त्याचं तोंड बांधलं होतं.

मी त्या दोराकडे पाहिलं.

मी डावखुरी आहे. माझ्या दोराचा पीळ उलटा बसतो. अख्ख्या डोंगरात माझ्या घराखेरीज कुणाचा दोर असा नाही, कारण माझ्या मुलांना दोर वळायला मी शिकवलं. देमेत्रियोनं दोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पिशवीत तोंड घातलं.

फिदेन्सियो वाऱ्यात ओरडून बोलत होता, तरी आवाजात राग नव्हता. "मागच्या महिन्यात इथं असाच उलट्या पिळाचा तुकडा पडलेला सापडला होता, मानाय. तेव्हा अर्थ लागला नाही. आज सकाळी तुमचा दोर हातात घेतला, तेव्हा लागला."

"म्हणजे मला वाट दाखवायला आणलंस, की पकडायला?"

"तुम्ही मला वाट दाखवायला आलात, की माझ्यावर पाळत ठेवायला?"

मी कोयता काढला. एका घावात दोर तोडला. पोतं वाऱ्यानं उचललं आणि समुद्राच्या दिशेनं नेलं.

भांड्यात पाऊस पडायला लागला. आत छोट्या दोन वाट्या असतात, एक भरली की कलंडते, मग दुसरी. टिक. टिक. टिक. मोजायला वेळ मिळू नये इतकी घाई. फिदेन्सियोनं बॅटरी बदलली, पेचकस फिरवला, वायरलेस कानाला लावला. पलीकडच्या बाईचा आवाज मलाही ऐकू आला. "आकडे येताहेत. देवा रे. हिनागवानचा भोंगा वाजवायला सांगते. तीन नंबर लागलाय, चारची तयारी आहे. तुम्ही माथ्यावरच आडोसा बघा. नदीकडे उतरू नका."

आणि खाली, खूप खाली, वाऱ्याच्या फटीतून भोंगा आला. म्हातारा बैल हंबरावा तसा.

"आमचा निदो घळीत आहे," मी म्हटलं.

"आज? वादळ येतंय आणि डोंगरावर?"

"तुमच्याकडे वादळ आलं की माणसं खाली पळतात. आमच्याकडे वर. वाऱ्यानं आडवा केलेला अबाका जागीच कुजतो. वारा यायच्या आत जेवढा सोलून होईल तेवढा आपला."

त्यानं मिटलेल्या डोळ्यांवरून पाणी निपटलं. "चला मग," म्हणाला. मी त्याला चल म्हटलं नव्हतं. माथ्यावरच राहा, असा हुकूम त्याला नुकताच मिळाला होता. मी त्याच्याकडे पुन्हा एकदा संशयानं पाहिलं. या माणसाला यातून काय मिळणार होतं, ते मला कळेना.

घळीत उतरायला वाट नव्हती, चिखलाची घसरगुंडी होती. बसून उतरलो. झोपडीत निदो अजून सोलत होता. शेजारी गासड्यांची भिंत, सोन्यासारखी पिवळी. आम्हाला बघून त्याचा चेहरा उतरला. पिवळा कोट बघून आणखी.

"इनाय, मी..." आईला हाक मारून तो अडखळला.

"यंत्राचं तोंड तू बांधलंस?"

"भोंगा वाजला असता तर सगळे खाली गेले असते. पुन्हा चोरी झाली असती. तूच म्हणतेस ना, हे भोंगे चोरांसाठी वाजवतात?"

हो, मीच म्हणते. दररोज जेवताना म्हणते. मी त्याच्या कानाखाली द्यायला हात उचलला होता, तो तसाच राहिला, कारण फिदेन्सियोनं माझं मनगट धरलं होतं आणि तो घळीच्या तळातल्या नदीकडे बघत होता.

नदी ओसरली होती. मघाशी फेसाळत होती ती आता दगडांमधून झिरपत होती. एवढ्या पावसात!

"वर दरड पडलीय," तो म्हणाला.

"पाणी तुंबलंय," मी म्हटलं.

"पळा!"

पळालो. देमेत्रियो पुढे, मग फिदेन्सियो, मग मी. मुळं धरायची, पाय रोवायचा, ओढायचं. मागे बघितलं तर निदो नव्हता! तो झोपडीत परत गेला होता. एक गासडी पाठीला बांधून निघाला, सगळ्यात मोठी. चिखलात दोन पावलं वर, एक खाली. वरून आवाज यायला लागला. आभाळाचा नव्हे, जमिनीचा. दातावर दात करकरल्यासारखा, दगडावर दगड.

मी परत उतरले. "टाक ते!"

"सहा महिने, इनाय!"

गाठ ओली होऊन आवळली होती. उलटा पीळ, माझीच शिकवण. तो सुटत नाही याचाच मला गर्व होता. कोयता घातला. एकदा. दोनदा. तुटला! गासडी गडगडत गेली. फिदेन्सियोनं वरून दोर टाकला, निदोनं मला पुढे ढकललं, मग आम्ही तिघांनी त्याला खेचलं. आमच्या टाचांखालून घळ गेली. पाणी नव्हतं ते. चिखल, खडक, उभी झाडं. झोपडी कुठे होती तेही सांगता येऊ नये असं सगळं सपाट.

माथ्यामागच्या कपारीत आम्ही चौघं आणि कोंबडा वादळभर बसलो. त्या वाऱ्याबद्दल मी सांगत नाही, ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. फिदेन्सियोच्या भिजलेल्या भाताचे चार घास झाले, पाचवा देमेत्रियोनं चोरून कोंबड्याला दिला. निदो कपारीच्या एका टोकाला बसला, मी दुसऱ्या. पण यंत्राची टिकटिक ऐकू येतेय का म्हणून दोघंही कान लावून होतो.

उजाडल्यावर खाली पाहिलं. नदीकाठची सगळी आळी गेली होती, माझं घर धरून. शाळेच्या टेकडीवर मुंग्यांसारखी माणसं दिसत होती. उतरून गेलो तर कप्तान डोकी मोजून थकला होता. गावातलं कुणी गेलं नव्हतं. देमेत्रियोच्या बायकोनं आधी कोंबड्याची चौकशी केली आणि मग नवऱ्याला पिशवी फेकून मारली.

फिदेन्सियोनं मला बाजूला घेतलं. "ऑफिसात विचारतील, यंत्र का बंद पडलं. माकडांनी केलं म्हणू?"

"माकडं गाठ मारत नाहीत. माझं नाव सांग. माझ्या घरचा दोर आहे." मग मी निदोला गावासमोर उभं केलं आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. एक बाई रडली, एक थुंकली. तो खाली मान घालून उभा राहिला. मी शेजारी उभी राहिले, मान वर ठेवून. कुणीतरी ठेवायला पाहिजे ना.

आता एक नंबर लागला, वारा समुद्रावर लांब असला, की सगळ्या गावाचा वाख आधी चर्चमध्ये येतो आणि मोठ्या दाराला कुलूप लागतं. ही फिदेन्सियोची सूचना. किल्ली माझ्याकडे असते. पाद्रीबाबांनी मागितली होती, मी दिली नाही. व्यापारी कुलपाकडे फार वेळ बघत उभा होता, ते मी लक्षात ठेवलंय.

यंत्राच्या भांड्यात पानं साचतात. ती काढायला निदो दर रविवारी वर जातो, कुणी न सांगता. खांब वाऱ्यानं वाकू नये म्हणून त्याला चार बाजूंनी ताण दिलाय, माझ्याच दोरांचा. पोरगा सुधारलाय, सगळे म्हणतात. मीही म्हणते. तरी तो गेला की थोड्या वेळानं मी त्याच्या मागोमाग चढते, आणि भांड्यात हात घालून बघून येते.