नुन्त्सिया आजीची टोपली

हे ऐकीव नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या, कोझिमाताईच्या बाबतीत घडलेलं आहे. इटलीतल्या तारांतोच्या जुन्या शहरात, आमच्याच गल्लीत. रात्र नव्हती... ऑगस्टची भर दुपार होती. दारं-खिडक्या लावून लोक निजतात, ती वेळ.

गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या घरातला खोकलासुद्धा आपलाच वाटावा.

आमच्याकडे म्हातारी माणसं जिने उतरत नाहीत. खिडकीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडतात. खालच्यांनी पाव, मासळी, काय असेल ते ठेवायचं. टोपली उतरली म्हणजे माणूस बरं आहे. मग वर जाऊन बघायचं कुणाच्या मनातही येत नाही.

समोरच्या तिसऱ्या मजल्यावर नुन्त्सिया आजी एकटी राहायची. तिचा मुलगा रोक्को जर्मनीतल्या कारखान्यात. जाताना त्यानं ताईचे हात धरले होते. आईला उपाशी ठेवू नकोस, एवढंच मागणं. ताईनं मेरीमातेची शपथ घेतली.

रोज दुपारी टोपली यायची. ताई शिंपल्यांचं कालवण ठेवायची, वर हिरवा पाला चिरून. वाडगा परत यायचा...

चाटूनपुसून लख्ख.

जून लागला आणि वाडगा ओलसर येऊ लागला. कडेला पिवळट, चिकट लाळ. बोट लावलं की तार सुटायची. टोपलीला वास... कुजक्या मासळीचा, आणि त्याखाली गोडसर काहीतरी. गल्लीभर मासळीच असते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. ताई मात्र तोंड फिरवून वाडगा उचलायची. शेजारीण मिम्मा टोमणा मारायची, "शपथ जड झाली वाटतं बाईला. एका वाडग्याचा एवढा कंटाळा?"

ताई नाक दाबून वाडगा भरत राहिली.

त्या दुपारी भरलेला वाडगा ठेवताना टोपलीतून तिच्या मनगटावर काहीतरी पडलं.

अळी.

मग आणखी...

तिनं आजीला हाक मारली. वरून दोरीला नुसते दोन हिसके बसले. वर ओढायच्या आधी आजी तसेच द्यायची. टोपली वर गेली.

ताई मिम्माच्या नवऱ्याला उठवून जिना चढली. त्यानं खांद्यानं दार फोडलं.

आजी खिडकीपाशी खुर्चीत होती. कातडी काळी पडून हाडांना चिकटलेली. डोळ्यांच्या जागी माश्या. डॉक्टर नंतर म्हणाले, मे महिन्यातच गेली असावी.

पण ओठ ओले होते.

दातांत हिरवा पाला अडकला होता... त्याच दिवशीचा. हनुवटीवरून रस्सा अजून ओघळत होता.

ताई तिथेच भडाभडा ओकली.

रोक्को आला, आईला पुरलं. जाताना ताईच्या हाताचं चुंबन घेऊन म्हणाला, "तू होतीस म्हणून आई उपाशी गेली नाही." ताईनं हात एप्रनला पुसला. दार दुरुस्त करून आजीच्या घराला कुलूप लागलं.

दुसऱ्या दुपारी टोपली खाली आली.

गल्लीतली एकेक खिडकी आतून बंद झाली. मिम्मा दारातून हळूच म्हणाली, "कोझिमा, आत ये गं. नको."

पुढचं ताई सांगत नाही. खोदून विचारलं तर तोंड वाकडं करते, थुंकते आणि म्हणते, "उपाशी कशी ठेवू?"

आता तिनं ऐंशी ओलांडली. आम्ही सगळे नव्या शहरात राहायला आलो, ती येत नाही. मागच्या उन्हाळ्यात मी न कळवता गेले होते. एकटीच असते. शेगडीवरचं पातेलं मात्र दोघींच्या मापाचं होतं.

मी झाकण परत ठेवलं.

जेवले नाही.