मिनिटाला तीन लाटा

"निरोगी पोट कशाला पाहिजे तुम्हाला?"

मागून हा प्रश्न आला तेव्हा मी पोहण्याच्या तलावाबाहेरच्या सूचनाफलकाशी झटापट करत होते. फलक ओला, माझी चिकटपट्टी हट्टी. एक कोपरा दाबला की दुसरा सुटायचा. वळून पाहिलं तर गळ्यात शिट्टी, खांद्यावर टॉवेल आणि केसांतून पाणी निथळतंय असा एक माणूस माझी जाहिरात अगदी मन लावून वाचत होता. इथला पोहण्याचा मास्तर असणार हे सांगायला कोणी नको होतं.

"लिहिलंय की सगळं," मी म्हटलं.

"'निरोगी पोटाचे स्वयंसेवक हवेत' एवढंच लिहिलंय. का हवेत, ते नाही. पोट ठेवून घेणार नाही ना?"

"नाही. हालचाल मोजून परत करते."

तो हसला. मग तिकीटखिडकीवरच्या बाईंकडून चार टाचण्या मागून आणल्या आणि माझा कागद चारही कोपऱ्यांत पक्का ठोकला. ठोकून झाल्यावर पुन्हा वाचला.

"माझं देतो मी," तो म्हणाला. "दगड पचतो माझ्या पोटाला. कधी येऊ?"

आता सांगायला हरकत नाही, तेव्हा मला तो माणूस म्हणून दिसलाच नव्हता. पोट म्हणून दिसला. माझा धंदाच तसा आहे. इस्पितळाच्या वरच्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा, आणि माझं संशोधन जठराच्या चालीवर. काहींचं जठर सुस्तावतं. त्याला चालवणाऱ्या नसा काम टाकतात आणि खाल्लेला घास तासन् तास जागचा हलत नाही. अशा रोग्यांच्या नोंदी आमच्याकडे भरपूर होत्या. पण तुलनेला धडधाकट माणसं लागतात, आणि धडधाकट माणूस इस्पितळाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. शेवटचा एक मिळाला की माझा अभ्यास पुरा होणार होता. तोही महिन्याच्या आत, कारण आमच्या मॅडम परिषदेत तो मांडायचं कबूल करून बसल्या होत्या.

मी या वाटेला लागले ती बाबांमुळे. बाबांचं जठर असंच सुस्तावलेलं. दोन घास खातात, तिसऱ्याला ताट हळूच पुढे सारतात आणि आईची नजर चुकवतात. त्या पुढे सारलेल्या ताटाचा मला फार राग येतो. बाबांचा नाही, ताटाचा.

तर मास्तर ठरल्या दिवशी आला. उपाशीपोटी, सांगितल्याप्रमाणे. खोलीत शिरला आणि क्लोरिनचा वास बरोबर घेऊन आला.

मी त्याला पलंगावर निजवलं, पोटावर इलेक्ट्रोडच्या चकत्या चिकटवल्या, तारा जोडल्या. "आता हलायचं नाही, बोलायचं नाही आणि हसायचं तर मुळीच नाही. हसलात की रेघ बिघडते."

"आणि श्वास?"

"तेवढा घ्या."

समोरच्या पडद्यावर रेघ उमटू लागली. निरोगी जठर मिनिटाला तीन लाटा काढतं, अगदी संथ, एकामागून एक. कोणाला हुकूम सोडावा लागत नाही. पोटाच्या भिंतीत नसांचं स्वतःचं जाळं असतं, ते मेंदूला न विचारता आपलं काम करत राहतं. मास्तरची लाट मात्र... पहिली बरी, दुसरी चेंगरलेली, तिसरीचा पत्ताच नाही, आणि मग चार-पाच एकदम धावत आलेल्या. मी तारा तपासल्या. चकत्या पुन्हा लावल्या. त्याच्यावर वाकून एक चकती नीट दाबली, तशी रेघ आणखीच उधळली.

मग मोजून दिलेला पाव आणि उकडलेली अंडी. जेवल्यावर लाट मोठी व्हायला हवी. झाली, पण ताल नव्हताच.

"पास झालो का?" त्याने विचारलं.

"परत यावं लागेल," मी म्हणाले.

"येईन की," तो म्हणाला, जरा जास्तच पटकन.

पुढच्या खेपेला त्याने पडदा आपल्या बाजूला वळवून मागितला. त्याच्या पोटाचा कारभार त्यालाही बघायचा होता. नियमात बसत होतं, मी वळवला. लाट कशी ओळखायची, तीन कशा मोजायच्या, हेही शिकवलं. शिकताना तो लहान मुलासारखा बोटं मोजत होता. मधल्या विश्रांतीत मी त्याला बाबांचं सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे. मी सहसा कोणाला सांगत नाही.

तो पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "नवी मुलं येतात ना तलावावर, त्यांच्या पोटाखाली हात धरतो मी. तोंडाने म्हणतात, मी नाही घाबरत. पण पोट आवळलेलं असतं, हाताला कळतं. ते सैल पडेपर्यंत मी हात काढत नाही."

"आणि पडलंच नाही सैल तर?"

"पडतं. वेळ द्यायचा."

रेघ त्याही दिवशी बिघडलेलीच आली. आणि मला धास्ती वाटू लागली. शेवटचा स्वयंसेवक हातचा जाणार ही एक काळजी होतीच, पण ती खालच्या नंबरावर गेली होती. हा माणूस आजारी असेल तर? उद्या हाही ताट पुढे सारू लागला तर? मी सरळ मॅडमकडे गेले आणि दोन्ही नोंदी टेबलावर ठेवल्या.

"तालाचा बिघाड दिसतोय. पुढच्या तपासण्या करून घ्याव्यात का? दुर्बीण वगैरे?"

मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला आणि नोंदींऐवजी माझ्याकडे पाहिलं. "दुर्बीण राहू दे. एकदा सिस्टरला लावू दे चकत्या. तू त्या दिवशी ग्रंथालयात जाऊन बस."

आमच्या सिस्टर निवृत्तीला टेकलेल्या. पेशंटला दटावतातही आणि पांघरूणही घालतात. त्यांनी घेतलेली नोंद मी संध्याकाळी पाहिली आणि थक्क झाले. तीन, तीन, तीन. वर्गात फळ्यावर काढून दाखवावी अशी लाट.

मॅडम नुसत्या "हं" म्हणाल्या. सिस्टर खोकल्या. मी मात्र मनाला लावून घेतलं. म्हणजे दोष माझ्या हाताचा होता. इतकी वर्षं हेच काम करतेय आणि साध्या चकत्या लावता येत नाहीत मला? मास्तर आजारी नाही याचा आनंद पोटभर झाला, आणि स्वतःची लाजही तेवढीच वाटली. मास्तरची शेवटची पाळी दोन दिवसांवर होती. तोवर हात सुधारायचाच असा मी पण केला.

सरावाला पोट कोणाचं घेणार? माझंच. आमच्याकडे तशी पद्धतच आहे. यंत्र नीट चालतंय का हे बघायला आम्ही सकाळी आधी स्वतःलाच जोडून घेतो. मास्तरच्या पाळीच्या दिवशी सकाळी मी चकत्या लावल्या, चादर ओढली आणि पलंगावर पडून पडदा बघत राहिले. तीन, तीन, तीन. सुरेख. हाताला काही झालेलं नव्हतं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

तेवढ्यात क्लोरिनचा वास आला.

दारात मास्तर. "लवकर आलो का मी? सिस्टर म्हणाल्या, जा आत."

"बसा... पाच मिनिटं," मी म्हटलं आणि पडद्याकडे पाहिलं. लाट चेंगरली होती. पुढची आलीच नाही. आणि मग चार-पाच धावत सुटल्या.

"यंत्र बिघडलंय," मी उठून बसत म्हणाले. "बघा, यंत्रातच दोष आहे. आत्ता चांगलं चाललं होतं..."

तो पलंगाजवळ आला. पडद्यासमोर उभा राहून बोटांवर मोजू लागला, मीच शिकवलं होतं तसं. तो जितका जवळ, रेघ तितकी बेताल.

"यंत्र चांगलं आहे," तो म्हणाला.

दोन तारा ओढून काढाव्यात असं वाटत होतं, पण हात हलेना. रोग्यांच्या रेघा वाचता वाचता माझीच रेघ कोणी वाचेल असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

"सिस्टर होत्या त्या दिवशी माझं पोट एकदम शहाण्यासारखं वागलं," तो म्हणाला. तो जमिनीकडे बघत होता. "तेव्हा कळलं मला. खरं म्हणजे आधीच कळलं होतं, तेव्हा खात्री पटली. मला तुम्ही आवडता. फार. म्हणून... माझं नाव अभ्यासातून काढा."

नियम मीच त्याला पहिल्या दिवशी वाचून दाखवला होता. संशोधकाचे नातेवाईक नकोत, मित्रमंडळी नकोत. आवडणाऱ्या माणसांचं वेगळं कलम नव्हतं, पण अर्थ तोच.

"आणि माझा अभ्यास?" माझा आवाज रडवेला झाला होता. "आठवडा राहिलाय. आता कुठून आणू मी निरोगी पोट?"

"आणलंय."

"काय?"

"आत्याला आणलंय माझ्या. बाहेर बाकावर बसली आहे, उपाशीपोटी. काल विचारलं, म्हणाली, झोपायला मिळत असेल तर येते. जगबुडी आली तरी आत्याच्या पोटातलं पाणी हलत नाही."

मला हसू आलं. अंगावर तारा तशाच होत्या, त्यामुळे पडद्यावर रेघेचं जे काही झालं ते सांगण्यासारखं नाही.

"तुम्ही अजून काही बोलला नाहीत," तो हळूच म्हणाला.

मी पडद्याकडे बोट केलं. "बोललेय की. मघापासून."

"ते पोट बोललं. तुम्ही..."

"मलाही आवडता," मी म्हणाले. "आता बाहेर जा. चकत्या काढायच्यात मला."

आत्याबाई आत आल्या. मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "हीच का ती?" आणि पलंगावर आडव्या झाल्या. चकत्या लावून होतात न होतात तोच घोरायला लागल्या. मला त्यांना घोरू देणं भाग होतं, लाट इतकी देखणी येत होती.

तरी मन खात होतं म्हणून मी मॅडमना सगळं सांगून टाकलं. मास्तरचं, माझं, आत्याबाईंचंही. त्यांनी नियमाचं पान काढून वाचलं.

"आत्याबाई तुझ्या कोण लागतात?"

"कोणीच नाही."

"मग आजच घे सगळ्या नोंदी," मॅडम चष्मा खाली ओढत म्हणाल्या. "नातं लागायच्या आत."

परिषद पार पडली. बाबांचं पोट त्यामुळे लगेच सुधारलं असं नाही. पण मास्तर घरी आला त्या दिवशी बाबांनी दोन घासांनंतर ताट पुढे सारलं तेव्हा तो सहज म्हणाला, "राहू दे समोर. घाई कुठे आहे?" आणि तलावावरच्या गमती सांगत बसला. आई उठली नाही, मी उठले नाही. बऱ्याच वेळाने बाबांनी ताट आपणहून जवळ ओढलं आणि तिसरा घास घेतला. मी टेबलाखाली मास्तरचा हात घट्ट धरला.

आता रविवारी मी पोहायला शिकते. पाण्याला मी जन्मापासून घाबरते, पण हे मी त्याला सांगितलं नव्हतं. सांगायची गरज पडली नाही. त्याचा हात माझ्या पोटाखाली होता.

"हात काढू का?" पहिल्याच दिवशी त्याने विचारलं.

"थांब ना जरा," मी म्हणाले. तोंडातून 'थांब' गेलं, 'थांबा' नाही. त्याच्याही ते लक्षात आलं.

"थांबतो," तो म्हणाला. "वेळ घे तू."

मी मान पाण्यावर टाकली, डोळे मिटले आणि श्वास सोडला. हात त्याने कधी काढला, मला कळलंच नाही.