सोमाचा रिलीव्हर

शुक्रवारी लाइट गेली की आमच्या बिल्डिंगमधली सगळी मुलं पार्किंगच्या कट्ट्यावर जमतात. तळमजल्यावरचे शंकरराव आजोबा तिथे आधीच येऊन बसलेले असतात. ते मोरिवलीच्या एका कंपनीत टाइमकीपर होते. परवा समीर म्हणाला, भुताची सांगा, पण खरी. आजोबा जरा सावरून बसले. मग म्हणाले, "खरी सांगतो. पण मधे बोलायचं नाही." समीर मधे बोललाच. बाकी त्यांनी सांगितलं तसंच लिहिते आहे.

गेल्या मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. माझ्या ओळखीतला उन्मेष रात्री वडिलांच्या गोळ्या आणायला खाली उतरला. गोळी संपल्याचं झोपायच्या वेळी लक्षात आलं, आणि त्यांच्या बाजूला इतक्या उशिरापर्यंत स्टेशनजवळचं एकच मेडिकल उघडं असतं. त्याची बायको वैदेही बाबांच्या पलंगाजवळ खुर्चीत बसली होती. दिवसभराचा उपास, संध्याकाळी हळदीकुंकू, आलेल्या बायकांचं चहापाणी. जाताना उन्मेष तिला म्हणाला, डोळा लागू देऊ नकोस.

बाबा म्हणजे श्रीपादराव. आमच्याच कंपनीत बॉयलरवर होते. त्यांना अल्झायमर झाला होता. आधी चष्मा फ्रिजमध्ये सापडायला लागला. मग घराचा रस्ता गेला. मग मुलाचं नाव गेलं, आणि एक दिवस मुलगाच गेला. उन्मेषला ते 'अहो' म्हणायचे. अहो, जरा पंखा लावता का? अहो, तुमचं घर छान आहे. उन्मेष पंखा लावायचा.

एकच गोष्ट डोक्यात टिकली होती. रात्र झाली की ते उठून शर्टाची बटणं लावायचे आणि म्हणायचे, सोमा थांबलाय.

"आजोबा, बॉयलर म्हणजे आमच्याकडे अंडी उकडायचा आहे तसा?" समीरने विचारलं.

"गप ना यार," राजसी म्हणाली आणि तिने त्याला चिमटा काढला. आजोबा हसले नाहीत.

बॉयलरचा एक नियम असतो. पुढच्या पाळीच्या माणसाला रिलीव्हर म्हणतात. तो येऊन समोर उभा राहिल्याशिवाय आधीच्याने जागा सोडायची नाही. श्रीपादरावांची रात्रपाळी असली की त्यांच्या आधी सोमा असायचा. बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा, अबोल माणूस. श्रीपादरावांच्या घरून त्याच्यासाठी डब्यात भाजी जायची. सोमाने तो डबा कधी रिकामा परत केला नाही. धुवायचा आणि त्यात काहीतरी घालून द्यायचा. उन्हाळ्यात डोंगरातली करवंदं, पावसाळ्यात रानभाजी, काहीच नसलं तर मूठभर तांदूळ.

एका रात्री श्रीपादरावांना पोचायला उशीर झाला. घरी पाहुणे होते, बाकी काही नाही. पोचले तेव्हा सोमा स्टुलावर बसलेला. नजर बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेवर. अंग गार. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, तुम्ही वेळेवर आला असता तरी वाचला नसता. पुढे कंपनीच बंद पडली. बॉयलर कापून उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या भंगारवाल्याने नेला. आता तिथे नुसता चौथरा आहे.

डॉक्टरांनी उन्मेषला सांगितलं होतं, त्यांच्याशी वाद घालू नका. म्हणून वैदेहीने एक युक्ती काढली. रोज रात्री ती खिळ्याला टांगलेला तोच जुना डबा रिकामाच त्यांच्या हातात द्यायची. उन्मेष त्यांना बिल्डिंगभोवती एक चक्कर मारून आणायचा. वॉचमन म्हणायचा, सुटली पाळी, काका. मग ते झोपायचे. रोज. उन्मेषला ताप असला तरी.

त्या रात्री उन्मेष गोळ्या घेऊन वर आला, तर दार उघडं. वैदेही खुर्चीतच झोपलेली. पलंग रिकामा. खिळ्यावर डबा नव्हता.

वैदेही जागी झाली आणि खिळ्याकडेच बघत राहिली. उन्मेष तसाच खाली धावला. भांडायलासुद्धा अंगात बळ लागतं. वॉचमन पंप लावायला मागे गेला होता, त्याने काही पाहिलं नव्हतं. नाक्यावरच्या रिक्षावाल्याने पाहिलं होतं. "अंकल को मोरिवली छोडा ना मैंने," तो म्हणाला. "बोले, नाईट शिफ्ट है. हाथ में डब्बा था. मेरे को क्या मालूम?"

उन्मेष बाईकवरून मोरिवलीला गेला. कंपनीच्या कुंपणाला एक खिंडार आहे. आत कमरेएवढं वाळलेलं गवत. मोबाईलची बॅटरी लावून तो बॉयलरच्या जागेपर्यंत गेला.

चौथऱ्यावर बाबा उभे होते. एक हात वर. झडपेवर ठेवावा तसा.

उन्मेष म्हणाला, बाबा, चला घरी.

"रिलीव्हर आल्याशिवाय?"

त्याने समजावलं. हात धरून ओढलं. शेवटी रडला. म्हातारा जागचा हलेना. थंडीचे दिवस, अंगात नुसता शर्ट. मुलाने करायचं काय? उचलून बाईकवर कसं बसवणार? मग त्याला वैदेहीची युक्ती आठवली. वाद घालायचा नाही.

"मी आलोय," तो म्हणाला. "तुमचा रिलीव्हर."

बाबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. नीट, बराच वेळ. उन्मेषला वाटलं... ओळखतायत.

"नवीन दिसतोस," बाबा म्हणाले.

"...हो. नवीन."

"काच बघत राहा. पाणी खाली जाऊ द्यायचं नाही. जागा सोडायची नाही."

ते चौथऱ्यावरून उतरले. उन्मेष मागोमाग निघाला, तसे ते वळले. चिडले. "तू कुठे? बॉयलर कोण बघणार?"

तो थांबला. ते चालू लागले. याने एक पाऊल टाकलं. ते पुन्हा वळले.

आपण काय करून बसलो ते उन्मेषला तेव्हा कळलं. तो रिलीव्हर झाला होता. त्यांना घरी न्यायला मुलगा उरला नव्हता.

"बाबा, अंधार आहे. एकटे कसे जाल?"

"एकटा कुठे? सोमा आहे. त्याचीही पाळी सुटली."

आणि बाबांनी हात बाजूला केला. कोणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा. तो हात खाली आला नाही... तसाच राहिला... खिंडारापर्यंत.

गवत दोन ठिकाणी हलत होतं.

उन्मेष धावणार होता.

मागून ऊब आली.

एवढ्या थंडीत... पाठ तापायला लागली. मागे चौथरा. मोकळा चौथरा. आवाज नाही. वास नाही. नुसती ऊब.

त्याने वळून पाहिलं नाही.

पाय उचलून पाहिला...

उचलेना.

किती वेळ... त्याला सांगता येत नाही.

मग मोबाईल वाजला, तसा पाय सुटला. वैदेही होती. "कुठे आहेस? बाबा आलेत." दाराची बेल वाजली, उघडलं तर बाबा उभे. एकटे. त्या गवतातून आलेला माणूस, आणि पायजम्याला एक कुसळ नाही. हातात डबा नाही. आपणहून पलंगावर जाऊन झोपले होते.

आजोबांनी पाण्याची बाटली उघडली, पण प्यायले नाहीत. समीर राजसीला चिकटून बसला होता.

सकाळी वैदेहीने फोन केला म्हणून मी गेलो, ते म्हणाले. श्रीपादराव चहा घेत होते. उन्मेष त्यांची बशी धरून बसला होता. त्याच्याकडे बघून ते म्हणाले, "अहो, काल पाळीवर एक नवीन पोरगा बसवून आलोय. त्याला सोडवायला कोणी गेलं का?"

"जाईल कोणीतरी," उन्मेष म्हणाला.

"कोण?"

उन्मेषने बशी खाली ठेवली. त्या दिवसापासून श्रीपादराव रात्री उठत नाहीत, पण रोज सकाळी हे विचारतात. बिचारा पोरगा, म्हणतात.

त्या सकाळी मी तिथे बसलो असतानाच वैदेही दूध घ्यायला बाहेर गेली आणि दारातूनच तिने मला हाक मारली. बाहेरच्या ग्रिलला डबा लटकत होता. धुतलेला. पाणी अजून निथळत होतं. तिने तो काढून माझ्याकडे दिला आणि म्हणाली, काका, मी हा कधीच भरून देत नाही हो.

डबा जड होता.

आजोबा थांबले. लाइट आली होती. कोणी उठलं नाही.

मी झाकण काढलं, ते म्हणाले. आत करवंदं होती. काळी, टपोरी. मार्गशीर्षात करवंदीला फूलसुद्धा नसतं.

देठांना अजून चीक होता.