तिघांचं टेबल

येडशीच्या घाटावर त्या संध्याकाळी इतकं धुकं उतरलं होतं की ‘ला ब्रासा’ची पाटी वाचायला अयोध्याला गाडीची काच खाली करावी लागली. गार हवेबरोबर कोळशावरच्या मटणाचा वास आत आला. मागं रामलिंगच्या रानात एक मोर ओरडला... एकदाच, आणि मध्येच कुणी तोंड दाबल्यासारखा गप्प झाला.

अयोध्या वाशी तालुक्याच्या गावी जनावरांची डॉक्टर होती. धाराशिवला घरी जायचा तिचा रस्ता रोज इथूनच जाई, पण या स्पॅनिश हॉटेलची पायरी ती आज पहिल्यांदाच चढत होती. रविवारी पुण्याचे पाहुणे यायचे होते. मुलगा इंजिनियर, दोन भेटी झालेल्या, आता पक्कं करायचं. “घरी नको, झकास हॉटेलात नेऊ,” बाबा म्हणाले होते. “तूच बघून, चाखून ये.” शहरातली दोन हॉटेलं तिनं बघितली होती. एकात गाण्यांचा गोंगाट, दुसऱ्यात सगळ्या भाज्यांना एकच लाल रस्सा. खरं सांगायचं तर तिला कुठलंच हॉटेल पसंत पडत नव्हतं, आणि ते का, याचा विचार ती टाळत होती.

दारातच ती कुणावर तरी आदळली.

“अहो, वाट सोडा की जरा!”

समोरचा तरुण वाट सोडायचं विसरला. उंच, सावळा, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. तो तिच्याकडं असा बघत राहिला, की जणू तिचा चेहरा नवा आणि आवाज जुन्या ओळखीचा.

“दुपारी फोन... तुम्हीच केलता ना?”

“मी? मी तर तुम्हाला ओळखतही नाही.”

“व्हय, तेच म्हणतो. मीबी न्हाय ओळखत.”

“वा! ओळख काढायची ही तऱ्हा नवीन आहे,” ती म्हणाली. तो कानापर्यंत लाल झाला, आणि तिला हसू दाबता आलं नाही.

तेवढ्यात तौफिक नावाचा कॅप्टन लगबगीनं पुढं आला. “या मॅडम, या सर. खिडकीजवळचं टेबल तुमच्यासाठीच राखलंय. दुपारी तुमचाच फोन होता ना मॅडम? आवाज लगेच वळखला मी.”

“मी फोन केलेला नाही हो!”

तौफिकला ती चेष्टा वाटली. तो हसत पुढं चालू लागला. बाहेर धुकं आता थेट काचेला लागलं होतं, एवढ्यात गाडी काढणं शहाणपणाचं नव्हतं. “बसूया तरी,” तरुण म्हणाला. “दोघांनाबी भूक लागलीच आहे. मी शंभू. गाव माकणी.” “मी जनावरांची डॉक्टर,” तिनं नाव न सांगताच म्हटलं.

टेबलाला तीन खुर्च्या होत्या. दोघांपुढं ताटं, तिसऱ्या खुर्चीपुढं नुसताच पाण्याचा मोठा ग्लास, काठोकाठ भरलेला. हॉलमध्ये दुसरं कुणीही नव्हतं. निखाऱ्यांची तांबडी धग तेवढी भिंतीवर हलत होती.

मेन्यू बघून शंभूच्या कपाळाला आठ्या पडल्या. “पाएया... हे काय असतं?”

“केशरी भात. स्पेनमधला.”

“म्हंजे बिर्याणीच की!”

“इथल्या मालकाला ऐकू जाऊ देऊ नका. दहा वर्षं तिकडं स्वयंपाक करून आलाय म्हणे.” ती पुढं वाचू लागली. “उस्मानाबादी शेळीचे चॉप्स, लाकडी कोळशावर.”

“ही तुमच्या दवाखान्यातली तर नसंल?”

“माझ्याकडं आलेली बकरी बरी होऊन घरी जाते, समजलं?”

“मग मलाबी एकदा आणा तुमच्याकडं,” तो म्हणाला, आणि आपणच बोललो यावर विश्वास बसत नसल्यासारखा मेन्यूत तोंड खुपसून बसला.

अयोध्याला मजा वाटत होती. कितीतरी दिवसांत ती अशी सैल बसली नव्हती. पुण्याच्या मुलाबरोबर दोन्ही वेळा तिनं पाठ ताठ ठेवली होती.

तौफिकनं टोमॅटोचं गार सूप आणून ठेवलं. “गास्पाचो. तुमच्यात काकडी घातली नाही मॅडम, फोनवर सांगितल्याप्रमाणं.”

तिच्या हातातला चमचा थांबला. काकडीनं तिच्या जिभेला खाज सुटते, ओठ सुजतात. पण हे तिनं बाहेर कधी कुणाला सांगितलं नव्हतं. घरी आईच तेवढी आठवणीनं तिची कोशिंबीर वेगळी काढायची.

“फोनवर नेमकं काय सांगितलं होतं?” तिनं हळूच विचारलं.

तौफिक आता गोंधळला. “‘माझ्या पोरीला काकडी चालत न्हाय’ असं म्हणालात. मला वाटलं, लाडानं स्वतःलाच पोरगी म्हणताय... आणि म्हणालात, तीन खुर्च्या ठेवा. तिसरीपुढं ताट नको, पाणी ठेवा. मोठा ग्लास, भरून.”

तो गेला. निखाऱ्यावर चरबीचा थेंब पडून चर्रर्र झालं आणि दोघंही दचकले.

“तुमचं नाव न्हाय सांगितलं अजून,” शंभू म्हणाला. विषय बदलायचा त्याचा प्रयत्न उघड दिसत होता.

“अयोध्या.”

“अरे वा. घरात मथुराबी आहे का?”

“मावशी आहे,” ती कसंनुसं हसली. “आणि आई द्वारका.”

शंभूच्या तोंडावरचं हसू विझलं. त्यानं चमचा खाली ठेवला.

“द्वारकाबाई... लिंबाजी काकांच्या? सोलापूरला डायलिसिसला यायच्या त्या?”

“तुम्ही कसं...”

“मी तिथंच होतो. मशीन मीच लावायचो त्यांना.”

अयोध्या तेव्हा परभणीला शिकत होती. आईबरोबर सोलापूरला बाबाच जायचे. आईच्या तोंडी ‘मशीनवाला पोरगा’ असायचा. लई हळू सुई टोचतो, म्हणायची. दोन पावसाळ्यांपूर्वी आई गेली, आणि त्या पोराचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

“दुपारी मला फोन आला,” शंभू खालच्या आवाजात म्हणाला. “नंबर दिसलाच न्हाय. बाई म्हणाल्या, ‘शंभू, संध्याकाळी येडशीच्या त्या नव्या हॉटेलात ये रे. शब्द राहिलाय माझा.’ आवाज वळखीचा, पण कुणाचा ते सुचंना. माया अशी होती की न्हाय म्हणवलं न्हाय. आणि दारात तुम्ही बोलला... तोच आवाज.”

आईचा आणि तिचा आवाज एकच होता. फोनवर बाबासुद्धा फसायचे.

“कसला शब्द?”

“हे हॉटेल तेव्हा बांधत होते. माहेराला येताजाता त्यांना दिसायचं. मला म्हणायच्या, ‘बरी झाले की तुला तिथं जेवू घालते, आणि माझी पोरगी दाखवते.’” तो खाली बघत राहिला. “त्यांना पाणी मोजून मिळायचं. शेवटी शेवटी एकच मागायच्या... ‘शंभू, एकदा मोठा ग्लास भरून पाणी दे रे.’ मला देता यायचं न्हाय. लई वाईट वाटायचं.”

अयोध्याचे डोळे भरून आले. अंगावर काटा उभा होता आणि तरी पळून जावंसं वाटत नव्हतं. “रविवारी माझं लग्न पक्कं करणार आहेत,” ती म्हणाली. “मी त्यासाठी हॉटेल बघायला आलेय.”

शंभूनं हलकेच मान हलवली, पण त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलेलं तिला दिसलं. का कुणास ठाऊक, तिला ते बघून बरं वाटलं.

मग दोघांची नजर एकदमच तिसऱ्या खुर्चीकडं गेली.

ग्लास रिकामा होता.

टेबलावर थेंब नव्हता. तौफिक अजून आतच होता. खुर्ची मघाशी टेबलाला सारलेली होती, ती आता थोडी मागं सरकली होती... जेवून उठल्यावर सरकते तेवढीच.

अयोध्यानं शंभूचा हात घट्ट धरला. त्यानंही सोडला नाही. दोघं तसेच बसून राहिले, आणि हळूहळू तिची भीती निवत गेली. तिनं पाण्याचा जग उचलला आणि तो ग्लास पुन्हा काठोकाठ भरला.

घरी येऊन तिनं बाबांना सगळं सांगितलं. लिंबाजींनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी डोळे पुसत म्हणाले, “तुझ्या आईनं जाताना त्या पोराचं नाव घेतलं होतं. म्या म्हणलं, तापात बरळतीय. तुलाबी बोललो न्हाय.” जरा थांबून त्यांनी विचारलं, “पुण्याचा पोरगा तुला आवडला होता का गं?”

“वाईट नाही, बाबा. पण त्याच्यासमोर मी हसायचं विसरते.”

पुण्याला त्यांनीच फोन लावला.

शंभू आता धाराशिवातल्याच एका दवाखान्यात कामाला होता. रविवारी दुपारी अयोध्या तिथं पोचली तेव्हा तो एका आजोबांची सुई काढत होता, अगदी सावकाश, त्यांच्याशी गप्पा मारत. तिला बघून त्यानं कापसाचा बोळा दाबून धरला आणि तसाच उभा राहिला.

“आज तुमचे पाहुणे...”

“येऊ नका म्हणून कळवलं.”

आजोबा दोघांकडं आळीपाळीनं बघू लागले. शंभूनं त्यांचा हात पट्टीनं बांधला, हातमोजे काढले आणि तिला बाहेरच्या ओट्यावर घेऊन आला.

“एक विचारू?” तो म्हणाला. “आईनं सांगितलं म्हणून आलाय का? तसं असंल तर नको. मेलेल्या माणसाच्या शब्दापायी कुणी जन्म बांधून घेऊ नये.”

“तुम्हाला भीती वाटते?”

“त्या आवाजाची न्हाय वाटत. तुम्ही न्हाय म्हणाल, ह्याची वाटती. त्या दिवसापासनं झोप न्हाय मला.”

अयोध्यानं त्याच्याकडं नीट बघितलं. डोळे खरंच तांबारले होते.

“आईनं फक्त टेबल राखलं होतं,” ती म्हणाली. “हात मी धरला. माझा मी.”

तो काहीतरी बोलू गेला... आणि त्याला ते जमलंच नाही. आतून आजोबा ओरडले, “अरे पोरा, व्हय म्हण की! मला घरी जायचंय.”